पाहता आले नाही

रात्री साडेअकराला प्रेस्टनहून रिपोर्ट आला,
अठ्ठावन्न पानं.
सकाळी कारेलीबागेतल्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतला.
त्याने गठ्ठा हातात तोलला, आवाज उतरवून विचारलं,
काका, रिपोर्ट कोनो छे?
मकाननो, म्हटलं. एकशे तेरा वर्षांचं आहे.

केतकी आणि हार्दिक घेतायत ते, पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर,
आणि घेण्याआधी एका परक्या माणसाला
आठशे पौंड दिले, खोट काढ म्हणून.
सुनीताला पटेना.
हार्दिकच्या वेळी आपण चहा पिऊन हो म्हणालो, ती म्हणाली.

मी तांबडी पेन्सिल घेऊन बसलो.
पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात; सवय जात नाही.
धुराड्यापाशी कौलं सरकलेली. बरोबर, फोटो आहे.
मागच्या भिंतीला ओल, जमिनीपासून हातभर.
जोत्यातला थर गेला असणार, मी समासात लिहिलं.
खिडकीवरच्या कमानीला तडा, केसाएवढा, जुना.

मग एकतिसावं पान.
पोटमाळ्याचं दार रंगाने चिकटलेलं, उघडलं नाही:
आत पाहता आले नाही.
पुढच्या खोलीतला गालिचा मालकांनी उचलू दिला नाही:
फळ्या पाहता आल्या नाहीत.
कपाटामागची भिंत: पाहता आली नाही.
अशा सात जागा.

आठशे पौंड घेऊन वर सांगतो, दिसलं नाही म्हणून!
सुनीता हसली.
मला एक जिना आठवला.
मे महिना, शाळेची तीन मजली इमारत,
गच्चीला कुलूप,
किल्ली शिपायाकडे, शिपाई पादऱ्याला भाच्याच्या लग्नात.
मी हेडमास्तरांच्या पंख्याखाली ताक प्यालो
आणि 'गच्चीची स्थिती' या रकान्यात लिहिलं
समाधानकारक.

काही झालं नाही. शाळा उभी आहे.
यंदा उत्तरायणाला तिथून रिक्षाने चाललो होतो,
गच्चीवर पोरं, पतंगावर नजर लावून
पाठीपाठी सरकत, कठड्यापर्यंत.
सिग्नल सुटेपर्यंत मी मोजली. एकेचाळीस.
तेव्हाच्या फॉर्मात
'पाहता आले नाही' असा रकाना नव्हता,
हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.
समास होता. तीन बोटं रुंद.

संध्याकाळी फोन आला, तिकडे दुपार.
केतकी त्या रिकाम्या घरात उभी, एजंट बाहेर सिगारेट ओढत.
बाबा, घेऊ का?
नाणं आहे? मागच्या भिंतीवर वाजव. खालून वर. हळू.
टक. टक. टक.
बद्द.
पुन्हा वाजव.
बद्द.
गिलावा सुटलाय,
की एवढ्या लांबून येता येता आवाजच पोकळ झालाय?
तिचा श्वास ऐकू येत होता.
लहानपणी गणिताचं उत्तर मागताना यायचा तसा.

मला इथून कळत नाही गं, म्हटलं.

ती गप्प.
मग म्हणाली, आणखी दीडशेत तो पोटमाळा उघडून बघायला तयार आहे.
बघू दे. आणि शिडी धरायला हार्दिकला पाठव.

फोन ठेवला.
आमचं टेनामेंट आम्ही अठ्ठ्याऐंशी साली घेतलं,
शेजारी कोण, पाणी किती वाजता, एवढंच विचारून.
विश्वामित्री घरात येऊन गेली, त्यानंतर रंग दिला,
काचेच्या कपाटामागे सोडून.
ते जड होतं. कोण सरकवणार?

सुनीता, म्हटलं, ते कपाट जरा पुढे घ्यायचं का?
आत्ता? जेवायच्या वेळी?
तिने माझ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला.
आधी कपबश्या काढा, म्हणाली,
आणि मी एकेक तिच्या हातात देऊ लागलो.