मत्ती

बुधवार ठरला.
सोमवार महादेवाचा, मंगळवार आईच्या देवीचा,
गुरुवार-शनिवार विचारायचेच नाहीत,
शुक्रवारी वहिनीचा उपास,
आणि रविवारी तिथं पुण्या-मुंबईची गर्दी.
उरला बुधवार. शिवन्याची शाळा बुडाली.

पहाटे लेंगऱ्यातनं निघालो.
डिकीत थर्माकोलची पेटी,
विट्याच्या आइस्क्रीमवाल्याकडनं मागून आणलेली,
तिच्यावर अजून कुल्फीचं चित्र.
बापू पुढच्या सीटवर, टोपी मांडीवर.
कराड गेलं, पाटण गेलं, एक शब्द नाही.
कुंभार्लीत शिवन्या दोनदा ओकली.
बापूंनी काच खाली केली, छातीभर हवा घेतली
आणि मागं वळून तिलाच विचारलं,
"आला का गं वास, खाऱ्या पाण्याचा?"
समुद्र अजून तीन तास लांब होता.

बापूंना वास येत नाही.
एकतीस वर्षं कोळिकोडच्या एका गल्लीत
लोकांची चांदी गाळली त्यांनी.
मुशीखाली जाळ, हाताशी तेजाब,
तांबूस धूर वर जायचा, थोडा नाकात.
आधी उदबत्ती गेली, मग घाम,
मग एका दिवाळीला गावी आले
आणि आईनं तळलेलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.
कुणाला बोलले नाहीत.
आम्हाला कळलं ते घरात गॅस गळला तेव्हा.

हर्णैच्या वाळूवर लिलाव पेटलेला.
धनाजी मोबाइल काढून सुरमईकडं.
बापू ओळीतल्या शेवटच्या टोपलीपाशी
उकिडवे बसले, मुशीपुढं बसायचे तसे.
एका पापलेटावरनं अंगठा फिरवला,
"नव्वद टंच," पुटपुटले, ठेवून दिलं.
बांगड्याचा डोळा पाहिला, कल्ला उचलला,
शिवन्यापुढं धरला. "हुंग. खरं सांग."
तिनं नाक लावलं. विचार केला.
"पावसात राहिलेल्या सायकलसारखा."
"मग ताजा हाय."

मग त्या बाईला म्हणाले, "मत्ती आहे?"
"काय?"
"मत्ती. मत्ती."
बाई शेजारणीकडं वळली,
"अगो, घाटावरनं माती मागायला आलेत!"
सगळ्या हसल्या. बापूपण हसले,
पण शब्द बदलेना.
दुसरा त्यांच्याकडं नव्हताच;
ह्या माशाचं मराठी नाव
लेंगऱ्यात कधी कुणाला लागलं नव्हतं.
शेवटी वीतभर बोटं करून दाखवली,
मनगटावरच्या घड्याळाची चमक दाखवली.
"तारली व्हय! मग तारली म्हणा की."

शंभर रुपयांची तारली.
शिवाय धनाजीची सुरमई, फोटो धरून एकोणीसशे.
डिझेल तीन हजाराचं.
धनाजीनं हिशेब काढला नाही,
फक्त चिपळूणपर्यंत बोलला नाही.

लेंगऱ्यात पोचलो तेव्हा साडेबारा.
सुरमई फ्रीजमध्ये गेली. तारलीला बापू थांबायला तयार नाहीत.
अंगणातल्या नळाखाली गाडीच्या उजेडात
एकेक मासा साफ केला, अंगठ्याच्या नखानं.
चिंच भिजवली. मिरच्या वाटल्या.
बीपात्तू नावाची कुणी खाणावळवाली
तापात त्यांना असं करून घालायची, उधारीवर.
एवढंच आम्हाला माहीत.
आईला किती माहीत, ते तिनं कधी सांगितलं नाही.

तेल तापलं. तारली पडली.
बापू झारा धरून उभे,
भिंतीकडं बघत म्हणाले, "सुटला का?"

शिवन्या झोपलेली. धनाजी डिकी धूत होता.
मी बोलणार, तेवढ्यात आई,
जी मासा शिवत नाही, जी दारातच पदर नाकाला लावून थांबलेली,
जिनं एकतीस वर्षांत ती गल्ली पाहिली नाही,
तिनं पदर काढला. हुंगलं.
"सुटलाय," म्हणाली. "चिंचेचा येतोय. लोखंडाचा.
आणि तुम्ही सुट्टीला आला की
बॅगेतल्या कपड्यांना यायचा, तो."

बापूंनी मासे उलटले.
पलीकडं शेवंतामावशीनं धाडकन खिडकी लावली.
थोड्या वेळानं उघडली,
आणि नातवाकडं वाटी दिली.