तिरकी रेघ

आमच्या गावाचं नाव लावान्या,
आणि देशभर शाळेतल्या फळ्यालाही लावान्याच म्हणतात,
कारण दगड इथला.
मी फळे करत नाही. मी मेलेल्यांची नावं कोरतो.

क्रियापद आधी तोंडाने तपासतो, मग छिन्नीने.
ना-वि-गा-रे, लाकडी हातोडीचे चार ठोके,
तिसरा जरा जड.
पण 'ते दर्यावर जातात' म्हणायचं तर जोर
थेट पहिल्या अक्षरावर पळतो : ना! विगानो,
आणि उरलेली तीन अक्षरं
शेवाळलेल्या पायरीवरून उतरल्यासारखी.
असल्या शब्दाला शाळेत म्हणायचो दुप्पट घसरडा.
शेवटून दुसऱ्यावर जोर असला, तर सपाट.
अगदी शेवटी असला, तर छाटलेला.

मेलेल्यांची क्रियापदं बहुतेक छाटलेली.
नाविगॉ, पेस्कॉ, आमॉ.
तो फिरला, त्याने मासे धरले, त्याने प्रेम केलं.
शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ,
तांदळाच्या दाण्याएवढी.

देर्ना कानेपा नोव्हेंबरात आली.
नवरा प्रोस्पेरो, चव्वेचाळीस वर्षं जाळी ओढलेला.
कागदावर एकच ओळ : आमॉ इल मारे.
समुद्रावर त्याने प्रेम केलं.

मी कोरलं, भुकटी फुंकली, बिल लिहिलं.
तिने ओळीवरून बोट फिरवलं,
पाव भाजला का बघतात तसं.
बोट थांबलं.
रेघ नव्हती.

रेघ नसली की जोर मागे येतो.
आ-मो. मी प्रेम करतो.
(गळालाही आमोच म्हणतात,
हे तिला कशाला सांगायचं,
तिच्या स्वयंपाकघरात मिठाशेजारी गळांचा डबा.)

काना-मात्रेची चूक, मी म्हणालो, पाच मिनिटांचं काम.
छिन्नी उचललीही होती.

थांब, ओलिंदो.
तिने वाचलं, दोनदा,
शेवटचा स्वर न दाबता,
घास तोंडात असताना तो बोलायचा तसं.
मग म्हणाली, या क्रियापदापुढे
माझं नाव कधी लावलं नाही त्याने.
समुद्राचं तरी लावू दे. स्वतःच्या तोंडाने.

पैसे मोजले. पावती मागितली.

मंगळवारी तिचा दीर आला, लालबुंद.
रेघ विसरलास! गाव हसतंय!
मी म्हटलं, दगड ओला आहे, वाळला की बघू.

आमचा दगड पाणी पीत नाही.
हे त्यालाही ठाऊक.