पायचीत

पानगावकर सरांना आम्ही उचललं
मंगळवारी, पाण्याच्या दिवशी.
अख्खी गल्ली घागरी-बॅरलच्या मागं,
कुणाचं ध्यान नव्हतं.
सर स्वतःच रिक्षात चढले.
त्यांना वाटलं, पोरांच्या शिबिराला न्यायलेत.

अक्कलकोट रोडला रामुलूच्या काकाचा कारखाना,
बंद पडून दीड वर्षं.
चार माग, कोळिष्टकं,
आणि परत आलेला माल: गुलाबी टॉवेल,
एका काठाचा धागा सुटलेला.
त्याच टॉवेलांनी बांधलं खुर्चीला.
काथ्याचे वळ उठतात.
आम्ही काय जनावरं नाय.

गुन्हा सांगतो.
पार्क मैदान, फायनल, तीन चेंडू, पाच धावा,
आणि स्ट्राइकला आमचा अंबादास गुर्रम.
ज्याच्यापायी मी लग्नाची तारीख दोनदा फिरवली.
ज्याच्या पॅडांसाठी इरप्पानं
आईच्या मोतीबिंदूचे पैसे काढले
(म्हातारी एका डोळ्यानं विड्या वळते,
हजारातल्या दोनशे वाकड्या).
त्याच पॅडला चेंडू लागला.
सरांनी बोट वर केलं,
सावकाश,
जसं चित्रकलेच्या तासाला
फळ्यावर सरळ रेघ काढायचे.

ते बोट आम्ही वेगळं बांधलं.
ताण्याचं सूत, चार पदरी.

“सर, नुसतं नाबाद म्हणा. लगेच सोडतो.
वाटेत चहा.”
“बाद होता,” सर म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले,
“चहा बिनसाखरेचा सांगा.”

मग रोज रात्री तो चेंडू परत टाकला.
खोक्याच्या यष्ट्या, इरप्पा गोलंदाज,
रामुलू अंबादाससारखा मान तिरकी करून उभा.
खडूनं पट्टा आखला, इंचपट्टी घेऊन.
चाळीस वेळा चेंडू पॅडवर,
चाळीस वेळा टॉवेलाखाली
सरांचं बोट हललं.

गुरुवारी हवालदार आला.
खुर्चीकडं बघितलं, सरांकडं बघितलं.
“हाच का बे तो, फायनलवाला?”
टोपी काढून मागावर ठेवली.
“लेगला बाहेर जायलता,” म्हणाला,
आणि भजी मागवली.

शेवटी अंबादासलाच आणलं.
आता तो टेम्पो चालवतो,
हैदराबादला चादरी पोचवतो,
बॅट मेव्हण्याच्या पोराला देऊन टाकली म्हणे.
आम्हाला वाटलं, सरांना बघून पेटेल.
तो पाया पडला.
“सर, लागला तवाच कळलं मला.
मधली यष्टी.
मी निघालोच होतो,
तुमचं बोट नंतर आलं.”

कुणी काही बोललं नाय.
भजीचा कागद पंख्याच्या वाऱ्यानं सरकत होता.
सर मात्र हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा,
आणि ते आम्हाला लई लागलं.

इरप्पानं ढिगातून दुसरा टॉवेल ओढला.
“ह्याला काय कळतंय बे,” म्हणाला,
“ह्यो नुसता खेळला.
बघितलं आम्ही.”

आता दोन खुर्च्या हायत.
अंबादासचा एक हात मोकळा ठेवलाय,
त्या हातानं तो सरांना
कडक भाकरी चुरून भरवतो, शेंगाचटणी लावून.
रात्री दोघं हळूच बोलतात,
कुठल्यातरी जुन्या सामन्याचं,
ज्याला आम्ही नव्हतो.
त्यांचं हसणं ऐकून
रामुलूला झोप येत नाय.

काल लीगच्या कमिटीचा फोन आला.
रविवारपासून नवा हंगाम,
पानगावकर सर कुठं गायब झालेत कळेना,
त्यांच्यासारखा खमक्या पंच
तुमच्या ओळखीत कुणी हाय का?

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
हाय एक, म्हटलं.
फक्त बोट जरा आखडलंय.