चारही टेकलेली

खुशाल, फ्रेम कोणती घेऊ, चाकं केवढी, विचारलंस.
रंग सगळ्यात शेवटी बघ.
मी पहिली जोडी जांभळ्या रंगावर भाळून घेतली होती.
तिची मधली दोन चाकं सुपारीएवढी,
दगडासारखी टणक, अधांतरी.
पट्टीवर घसरायला ती बरी, मधे मोकळी जागा मिळते.
पण पट्टीपर्यंत जायचं कशावरून?
दोंडाईच्याच्या रस्त्यावरून,
जिथे खडी डांबरातून दात काढते
आणि पाऊल पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे
झोळीतल्या पोरासारखं लोंबतं.

मला चारही टेकलेली हवी होती.

मग लोभ सुटला.
टेकवायचीच तर मोठी टेकवू.
सुरतहून चौसष्टची मागवली.
रविवारी मार्केट यार्ड रिकामं,
ओट्याच्या कडेला लोखंडी अँगल,
त्यावर मी आदल्या रात्री मेणबत्ती घासलेली.
काय वेग होता, खुशाल!
उडी बरोबर, पाय आडवे बरोबर,
आणि अँगलनं मधलं चाक धरलं,
वसुलीवाला कॉलर धरतो तसं.
स्केट थांबले.
मी नाही थांबले.
हनुवटी खरचटली ती झाडून उरलेल्या मिरचीच्या बियांत.
नळाकडे धावले तर हमाल ओरडला,
'पानी नको, तेल लाव वं!'

तेव्हा कळलं, चाकाआधी खाच बघायची.
दुसऱ्या-तिसऱ्या चाकाच्या मधे
दोन बोटं आडवी बसली पाहिजेत,
माझी नाही, त्या हमालाची.
फ्रेमचं पोट गुळगुळीत हवं
आणि बोल्टचं डोकं आत बुडालेलं.
जे बाहेर डोकावतं ते पहिल्या घसरणीत सोलून निघतं.

तशी फ्रेम मिळाली. चाकांना पैसे उरले नाहीत.
रूपसिंग पावरानं त्याची जुनी साठची दिली,
आठ चाकं, आठ तऱ्हांनी झिजलेली.
ती पिशवीत घालून दगा अप्पांच्या लेथवर गेले.
आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईनं नाव दगा ठेवलं,
अर्ध्या सुताचा दगा त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

'हाई कोनी गाडीनं चाक शे?'
'मन्या पायस्नं, अप्पा.'
'कितलं काढू?'
अठ्ठावन्नवर आणा, म्हटलं. सगळी एकसारखी.

पहिलं चाक तापलं, हत्याराला चिकटलं,
उन्हाळाच तसा होता, पत्र्याखाली लेथही घामेजलेला.
अप्पा गेले ते कुल्फीवाल्याकडे.
सात चाकं बर्फाच्या पेटीत, मटका कुल्फीच्या शेजारी,
पाऊण तास.
'चाकले बी थंडी वाजस का वं?'
मग सोललं गेलं ते पांढरं,
बटाट्याच्या सालीसारखं, एका सलग वेटोळ्यात.
पहिल्याचीही मग पाळी आली.

दुकानाच्या काचेवर स्केट उभे केले.
चाकांखाली पंचांगाचं पान सरकवून बघितलं.
तूही हे कर. पान एका जरी चाकाखालून गेलं
तर ते चाक उभं असल्याचं सोंग करतंय.

कडकपणाचं सांगायचं राहिलं.
माझं वजन बावन्न, मला अठ्ठ्याऐंशी पुरतं.
तू थोराड आहेस, नव्वदच्या खाली उतरू नकोस,
वैशाखात तर नाहीच.
बेअरिंग मात्र नवी घे. मी जुनीच बसवली.

पैसे विचारले तर अप्पा म्हणाले,
'पैसा र्‍हाऊ दे. फिरी दखाड.'
दुकानासमोरच्या सिमेंटवर मी एक चक्कर मारली, मग दुसरी.
सपाट, सरळ, बशीवर बशी सरकावी तसं.
मला वाटलं अप्पा पायांकडे बघताहेत,
पण त्यांनी डोळे मिटलेले होते.

'डावा पाय,' ते म्हणाले. 'तिसरं बोलस.'

उघडलं.
बेअरिंगच्या झाकणाखाली
मिरचीचं एक बी.