मिनिटाला अठरा लिटर

दार ट्रॅक्टरपेक्षा वीतभर अरुंद,
म्हणून तो बाहेरच, धुक्यात,
आणि आत फक्त त्याच्या दोन नळ्या,
खिडकीतून, अंगठ्याएवढ्या जाड.

आस्तुरियासच्या या उतारावर
मोठं यंत्र चढत नाही, चढलं तर उतरत नाही.
हा आपला लहानगा, पंचवीस घोड्यांचा,
गवत कापणारा, शेण ओढणारा.
आज त्याच्या तेलावर सफरचंदं पिळायची.

सिलिंडर भंगारातल्या जेसीबीचा.
सेल्मो म्हणाला, पंप तुझा लेचापेचा,
मिनिटाला अठरा लिटर!
याच्यावर लाकडं फोडायला घे,
पाचर अर्ध्यात जाईतो जेवून येशील.

इंजिन बंद. लिव्हर पुढे-मागे दोनदा,
नळीतला उरलासुरला राग जाऊ दिला.
कपलर बाहीनं पुसला. खट्.
दुसरा. खट्.
लिव्हर ओढला
आणि दाबायची फळी निघाली वर,
थेट आढ्याकडे.
आतून बेलार्मिनोचा आवाज:
"सफरचंदं खाली असतात, तेल्वा!"

नळ्या बदलल्या. एकीला
कांद्याच्या पोत्याची लाल सुतळी बांधली,
पुढच्या वर्षीच्या विसराळू मला.

बेलार्मिनोनं चाळीस हिवाळे
चेस्टनटचा स्क्रू हातानं फिरवला.
पाव फेरा, मग झोप,
मग उठून पाव फेरा.
यंत्राला दम नसतो, म्हणाला,
आणि खोक्यावर बसला
यंत्राची फजिती बघायला.

फळी उतरू लागली. उतरतेय हे
भिंतीवरची खूण बघितली तरच कळावं.
लगदा कुरकुरला. कडेनं
आधी ओल, मग थेंब, मग तपकिरी धार.
काटा दीडशेवर, व्हॉल्व्ह किंचाळला: बास.
मी लिव्हर मध्यावर आणला,
इंजिन बंद केलं.

आणि मग, कुणी काही न करता,
काटा खाली येऊ लागला.
एकशेचाळीस. सव्वाशे.
तेल जागच्या जागी, लोखंड जागच्या जागी,
सफरचंदं तेवढी आतल्या आत
हार मानत होती.
बेलार्मिनो काट्याकडे बघत राहिला.
नव्वदवर म्हणाला, "आता."
मी बाहेर, किल्ली, तीन मोजले, बंद.
अर्ध्या तासानं, "आता."

तीनच्या सुमारास डोळा लागला असावा.
जाग आली ती इंजिनच्या आवाजानं.
खोकं रिकामं.
खिडकीतून दिसली टोपी,
लिव्हरवर त्याचा हात,
जन्मात ट्रॅक्टरवर न बसलेल्या माणसाचा,
पाव फेऱ्याइतकाच वळलेला.
मग बंद.

आत आला, टोपी झटकली,
धारेखाली बोट धरून चाखलं.
"हळू आहे," म्हणाला.
जरा थांबून,
"बरा हळू आहे."