दुसरी रेघ

सालावानच्या दवाखान्यात पंख्याचं एक पातं वाकलेलं,
म्हणून वारा लंगडत येतो.
सेंगदाओ पट्टीवर थेंब सोडते.
पंधरा मिनिटं.
रुग्ण क्रमांक एकशे सतरा. नाव लिहायचं नाही.
पण तिला माहीत आहे: थोंगसाय, बदकं पाळतो,
खोकताना उशीचा कोपरा चावतो.

अकराव्या मिनिटाला दुसरी रेघ उमटते,
फिकट, सुईतल्या दोऱ्याएवढी.
रेघ वहीत जाते, वही कपाटात.
बशीत जंतू वाढेपर्यंत
पट्टीनं तोंड उघडायचं नाही.
जंतूंना चार दिवस लागतात. घाई फक्त आपल्याला.

नियम दुष्ट नाही.
मार्चमध्ये अशाच एका रेघेवर तिनं विसंबून पाहिलं होतं,
बशी कोरीच राहिली.
तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांना ती
साक्षीला बोलावते, निवाड्याला नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात थोंगसायची बायको, हातात भाताची टोपली:
"सापडलं का काही?"
लाओत एक शब्द आहे, न्यांग.
'अजून' म्हणजेही न्यांग, 'अजून नाही' म्हणजेही.
सेंगदाओ म्हणते, न्यांग,
आणि खोटं बोलल्यासारखं तिला वाटत नाही,
खरं बोलल्यासारखंही.

चौथ्या सकाळी बशीत
जांभळट, सुरकुतलेले ठिपके.
ती कागद घेऊन धावते, एक चप्पल जिन्यातच राहते.

थोंगसाय उठून बसलाय, पेज पितोय.
म्हाताऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्याच रात्री
इंजेक्शन बदललं होतं.
"कशावरून?"
"चिखलातला माणूस, आणि असा ताप," ते म्हणतात,
"अंदाज."

वहीत अंदाजाला रकाना नाही.
ती लिहिते: एकशे सतरा, जुळले.
मग चप्पल शोधायला जाते.