न झिजलेली जागा

व्हायनो कांगस गेले. मंगळवारी, पहाटे.
फावड्याला टेकून उभ्या उभ्या गेले,
अशी बातमी गावानं केली होती, पण ती खोटी.
अंथरुणात गेले, पायांत लोकरीचे मोजे,
ब्याण्णव पुरी व्हायला अकरा दिवस कमी.

तांब्याची खाण मिटली तेव्हापासून
मी बर्फ काढायचा ट्रक चालवतो.
सव्वीस हिवाळे पहिली फेरी त्यांच्याच गल्लीत.
तळ्यावरून वारा येई, खिडकीत दिवा असे,
काचेमागं एक हात वर होई.
भूगोलात ज्याला नापास केलं
त्या पोराला तेवढं पुरे होतं.

वर्गात आशियाचा नकाशा होता, कापडी.
छडी नव्हती, सर बोटानं शिकवायचे.
बत्तीस वर्षांत त्या बोटानं
गंगेचं मुख पुसून टाकलं,
गोबीची वाळू उडवली,
जपानचं एक बेट तर सुतासुतानं सुटून आलं.
एकाच जागी रंग शाबूत,
काल छापल्यासारखा हिरवा.
तिथं आलं की सर चीनवरून
थेट जपानवर उडी मारत.
आम्हाला वाटलं, परीक्षेला नसेल.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी.
दातांच्या डॉक्टरांकडे दत्तक मुलगी आली.
दाखल्यावर नाव क्लॅरा.
सर म्हणाले, आणि त्याआधी?
ओक-सुन, ती म्हणाली, इतकं हळू
की भिंतीतल्या वाफेच्या नळ्याच मोठ्यानं बोलल्या.
कुठली तू? दाखव.
ती उठली, चवड्यांवर उभी राहिली,
आणि बोट ठेवलं नेमकं त्या हिरव्यावर.

सरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा काढला.
म्हणाले, इथं थंडी फार.
म्हणाले, माझे बूट नऊ नंबरचे, ते फाटले.
मग अकरा नंबरचे घातले.
आर्ने सुंदेचे होते.
त्याला लागणार नव्हते.

घंटा झाली. कुणी उठलं नाही.
लढाईबद्दल ते एवढंच बोलले,
त्या दिवशी आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत.
फळ्याकडे जाताना सर पाय का घासत,
एक बूट मागं राहील अशा बेतानं,
ते मात्र आम्हाला कळलं.
त्यांच्या चालीची नक्कल मी करायचो.
मधल्या सुट्टीत. हुबेहूब.

पुतणीला खडूंच्या तुकड्यांच्या डब्याखाली कागद मिळाला.
माजी सैनिकांच्या मंडळानं मृत्युलेखाचा मसुदा
आगाऊ पाठवला होता, वाचून घ्या म्हणून.
सरांनी तो तपासला होता. लाल पेन्सिल.
'शूर' या शब्दाखाली रेघ, समासात: पुरावा?
'देशासाठी सर्वस्व': पाठांतर. स्वतःच्या शब्दांत लिहा.
'विद्यार्थ्यांचे लाडके': अतिशयोक्ती.
'बत्तीस वर्षे शिकवले',
इथं खाडाखोड नाही,
फक्त बरोबरची एक खूण,
पोरांना देत तेवढीच, कंजूष.

चर्चमध्ये दोन कोवळे सैनिक झेंड्याची घडी घालत होते.
तिसऱ्या दुमडीला कोपरा चुकला.
आम्ही सगळे, टकलं पडलेले, गुडघे गेलेले,
श्वास धरून बसलो, आता खडूचा तुकडा येणार.
नाही आला.
पोरांनी घडी उलगडली,
पुन्हा पहिल्यापासून.
मागच्या बाकावर ओक-सुन होती,
शिकागोहून रात्रभर गाडी चालवत आलेली,
पायांत बर्फाचे बूट तसेच.

शाळा बंद झाली तेव्हा लिलावात
नकाशा मी घेतला होता, चार डॉलरला.
गॅरेजमध्ये लटकतो, टायरांच्या वर.
ती हिरवी जागा मीही जपत आलो,
का, ते मला सांगता येणार नाही.
दफनाच्या संध्याकाळी नात आली, चार वर्षांची,
हातात पाव, बोटं जॅमनं माखलेली,
आणि काय आहे इथं म्हणत
बोट टेकवलं तिथंच.

फडकं ओलं केलं मी.
मग तसंच ठेवून दिलं हातोडीशेजारी,
आणि म्हणालो, इथं थंडी फार.